चांद्याला आवतन

पुण्यात नोकरी करणाऱ्या समीक्षानं शेतीचा गेम बनवून बाजारात आणला. इकडे आंजी गावात तिच्या बापानं, चंद्रभाननं, तो कौतुकानं खेळून पाहिला आणि फोनवर लेकीवरच उखडला. “पोळ्याच्या दिवशी बैल जुपते काय वं कोणी? आदल्या सांजी हळद-तुपानं खांदेही शेकले नाई तुह्या गेमात!”

महिन्याभरात अपडेट आलं. गेममधला पोळा उद्यावर आला, तशी मोबाइलच्या पडद्यावर वखराच्या जागी हळद-तुपाची वाटी दिसली. पुढ्यात बैल उभा होता, वाकड्या शिंगाचा, ट्रॅक्टर घेतला तेव्हा विकलेल्या चांद्यासारखाच. चंद्रभाननं काचेवर बोट फिरवत त्याचे खांदे चोळले. “आज आवतन घे, उद्या जेवाले ये,” तो रीतीप्रमाणे बोलून गेला.

मग रिकाम्या गोठ्याकडे पाहत बायकोला म्हणाला, “उद्या पुरण शिजवजो. आवतन देऊन बसलो ना.”