शक्तीचं लॉकेट

शाहूपुरीतल्या आमच्या घरी केबल आली ती नव्याण्णव साली. नात विद्याश्री तेव्हा आठ वर्षांची होती. शाळा सुटली की ती शेजारच्या धैर्यशीलबरोबर कार्टून बघायची आणि मग दोघं अंगणात तेच खेळायची. कार्टूनमधल्या पोराच्या गळ्यात शक्तीचं लॉकेट असे. त्यातली पोरगी नुसती "वाचवा" म्हणून ओरडायची.

एका संध्याकाळी विद्याश्रीचा गळा मोकळा दिसला. आम्हा लिंगायतांत मुलगा असो की मुलगी, गळ्यात इष्टलिंग, म्हणजे रोजच्या पूजेचं छोटं शिवलिंग, बांधतात आणि ते कधी उतरवत नाहीत. तिचं चांदीच्या डबीतलं लिंग धैर्यशील गळ्यात घालून उड्या मारत होता.

"का दिलंस गं?"

"त्यो म्हणला, टीव्हीत पोरीकडं शक्ती नसती. दे, तरच खेळायला घेतो."

"अगं, पण तुझं हाय की ते!"

"मग खेळू कुणासंगं, आज्जी?"

मी लिंग परत आणून तिच्या गळ्यात बांधलं. धैर्यशील पुन्हा आला नाही. ती एकटीच टीव्हीसमोर बसू लागली.

"मी खेळते की तुझ्यासंगं," मी एकदा म्हणाले.

तिनं माझ्या सुजलेल्या गुडघ्यांकडं बघितलं आणि टीव्हीचा आवाज वाढवला.