ओढ्याच्या वळणावरचा टँकर

जतकडच्या वस्तीवरून आत्तीचा, म्हणजे आत्याचा, तिसरा फोन आला तेव्हा साडेनऊ वाजले होते, आणि स्वप्नालीचं तो उचलायचं धाडस झालं नाही.

जत तालुक्यातल्या पाण्याच्या चौदा टँकरांची संगणक यंत्रणा तिनंच सांगलीत बसून बांधली होती. क्लाउडवर एक सेवा वस्त्यांची मागणी घ्यायची, दुसरी पाळ्या लावायची, तिसरी चालकाच्या फोनवर कुठल्या गावाला जायचं ते धाडायची. काल तिनं सगळं नव्या सर्व्हरवर हलवलं, आज पहाटे जुना बंद केला, आणि सकाळपासून एकाही वस्तीवर टँकर पोचेना.

नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणारं डीएनएस तर बरोबर बोलत होतं. तिनं त्याचं उत्तर चारदा उलगडून पाहिलं. पत्ता नवाच होता, आणि पुढं मुदत होती: पाच मिनिटांनी पुन्हा विचारा. ती मुदत पाहताच तिनं चालकांच्या फोनमधल्या अ‍ॅपचा कोड उघडला. जतकडं रेंजचा भरवसा नाही म्हणून तिनंच त्यात मोठी हुशारी केली होती. मुदत वाचायचीच नाही, पत्ता एकदा मिळाला की फोननं तो कायमचा जपायचा. आता दुरुस्ती धाडावी, तर फोन तीही त्या जुन्या, बंद पत्त्यावरच मागणार.

चौथ्यांदा मात्र तिनं फोन उचलला.

“स्वप्ने, दीडशे मेंढरं हायती. कालपास्नं टाकी कोरडी. दोन कोकरं उठंनात.”

“येतंय पाणी, आत्ती,” ती म्हणाली, आणि खोटं बोलल्याची तिला लाज वाटली.

तिनं घाईनं त्या भागातल्या चालकाला, नाथाजीला, साधा फोन लावला. तीन तासांत तिला हे सुचलंच नव्हतं.

“मामा, कुठं हाय तुमी?”

“तुमच्या आत्तीच्या वस्तीखालीच की, वढ्याच्या वळणावर. सातपास्नं टँकर भरून हुबा हाय.”

“मग वर का गेला न्हाई?”

“ताई, तुमीच बजावलं हुतं. फोनवर गाव आल्याबिगर वस्तीवर चढायचं न्हाई. वीस वरसं पाणी टाकतोय तितं, पण नियम तुमचा.”

“जावा मामा. आत्ताच जावा.”

मग तिनं उरलेल्या तेरा चालकांना एकेक करून फोन लावले. शेवटचा ठेवला तोवर आत्तीचा आला.

“आलं पाणी. एक कोकरू उठलं. दुसऱ्याला उशीर झाला गं.” मग तिनं विचारलं, “नाथाजी म्हंतुया, सातलाच आलतो. व्हय का?”

दोष रेंजवर ढकलता आला असता. आजवर तिनं तेच केलं होतं.

“व्हय, आत्ती,” स्वप्नाली म्हणाली. “माज्यामुळं थांबला हुता.”