सिंहाची बाजू

धातू शोधणारा डिटेक्टर कुईकुई करू लागला तसे म्हातारे सुगावारा-सान गुडघे टेकून चिखलात बसले आणि हातफावड्याने उकरू लागले. ओहोटीने नदीमुखाच्या खाडीचा काठ उघडा पाडला होता. पुलाखाली स्वयंसेवकांबरोबर कचरा वेचणारा नंदकिशोर हातातली पिशवी टाकून बघायला सरसावला. कुठे काही खणलेलं दिसलं की भोवती उभं राहायचं, ही मुंबईची खोड. तोक्योतल्या बँकेत वर्षं काढूनही ती गेली नव्हती.

म्हाताऱ्यांनी काहीतरी वर काढलं, बाटलीतल्या पाण्याने धुतलं आणि कौतुकाने तळहात पुढे केला.

तीन सिंह. रुपया.

नंदकिशोरचा हात आपल्या खिशाकडे गेला. तोक्योतल्या निशी-कसाईहून निघणारी स्वयंसेवकांची बस त्सुनामीच्या लाटेने धुऊन नेलेल्या या गावात दर महिन्याला यायची आणि पुलापलीकडे थांबायची. पूल ओलांडताना तो हात जोडून पाण्यात नाणं टाकायचा. नदी दिसली की नाणं टाकायचं, हे आईने लहानपणी अंगवळणी पाडलेलं. पण येन टाकणं जिवावर येई. म्हणून मुंबईहून परतताना खिशात राहिलेले रुपये तो नदीला वाहायचा. "नदीला कुठे भाव कळतो?" असं बायकोला वर ऐकवायचा.

ती बायको, विभा, जपानी शिकवायची. सुगावारा-सान बोलत होते ते ती हलक्या आवाजात मराठीत सांगू लागली.

"त्यांचा मुलगा मालवाहू जहाजावर होता. रजेवर घरी आला आणि लाटेत गेला, अजून सापडलेला नाही. बंदरोबंदरीची नाणी बिस्किटांच्या डब्यात जमवायचा म्हणे. ही त्यातलीच, असं म्हणतायत. डबा इथेच कुठेतरी फुटला असणार, म्हणून बाकीचा सगळा काठ सोडून ते इथेच..."

ती थांबली. तिने वर पुलाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"अहो."

"हं."

"सांगा त्यांना. जपानी मी करते, पण तोंड तुम्ही उघडा."

"जरा वेळाने सांगतो."

"एरवी मगरीच्या पाठीवर बसून उल्हास नदी ओलांडल्याचं सांगता ना बसमध्ये? तेव्हा बरी जीभ चालते."

"ती थाप होती गं. थापेला काय लागतं?"

म्हणणं खरंच होतं. नंदकिशोर थाप मारू लागला की काठावरचे बगळेसुद्धा मासा सोडून ऐकत राहतील, अशी त्याची ख्याती. पण खरं सांगायची वेळ आली आणि गड्याची जीभ टाळूला चिकटली. म्हातारा थंडीत कण्हत खणतोय, मुलगा भलतीकडेच राहिलाय, आणि हे सगळं आपल्या चिल्लरीपायी.

सुगावारा-सानांनी नवं नाणं दगडावर पसरलेल्या रुमालावर ठेवलं. तिथे आधीची नाणी ओळीने मांडलेली होती. नंदकिशोर उकिडवा बसला. शेवटी त्यातलं एक चकचकीत नाणं उचलून त्याने उलटं केलं आणि आकड्यांखाली बोट ठेवलं. २०१२. लाट तर आदल्याच वर्षी, २०११ मध्ये येऊन गेली होती.

"सुगावारा-सान," तो मराठीतच म्हणाला, "हे साल बघा."

विभाने जपानीत सांगायला तोंड उघडलं. पण म्हाताऱ्यांनी आकड्यांकडे पाहिलंच नाही. त्यांनी नाणं अलगद त्याच्या बोटांतून काढून घेतलं, रुमालावर सिंह वर करून ठेवलं आणि नखाने ओळीत सरकवलं. तेव्हा कुठे नंदकिशोरच्या लक्षात आलं. रुमालावर नुसते सिंहच होते. एकाही नाण्याचं साल वर नव्हतं.

सुगावारा-सान काहीतरी पुटपुटले. नंदकिशोरने विभाकडे पाहिलं.

"काय म्हणाले?"

"ही बाजू बरी दिसते, म्हणाले."

मग त्यांनी पिशवीतून आणखी एक हातफावडं काढलं, नंदकिशोरच्या हातात दिलं आणि आपल्या शेजारच्या चिखलावर थोपटलं.

नंदकिशोर गुडघे टेकून बसला. जिथे आपल्याच रुपयांवाचून काही निघणार नव्हतं, तिथे तो उकरू लागला; हळू, जपून, खाली एखाद्याचं काही असावं तसा.