आभारी

इल्फर्डच्या हिवाळ्यात दुपारी तीनलाच उजेड अंग चोरू लागतो. खिडकीतून येणाऱ्या त्या उरल्यासुरल्या राखी प्रकाशात दिघेकाकांचं भिंग कागदावरून सरकत असे आणि ओळ संपली की ते एक लांब श्वास सोडत, जणू तेवढं अंतर चालून आले असावेत. निवृत्तीनंतर लंडनच्या एका दप्तरखान्यासाठी ते जुन्या मोडी कागदांच्या छायाप्रती वाचून देत. मी शेजारीण, मूळची पुण्याची; शनिवारी त्यांनी सांगितलेलं टाइप करून द्यायचे. दृष्टीच्या मध्यावर डाग वाढत होता, म्हणून ते अक्षराकडे जरा तिरपं पाहत.

एक अर्ज मात्र त्यांना सोडवत नव्हता. साहेबांच्या सरकारने उदार होऊन रयतेला तालुक्याच्या सभेत जागा दिल्या, त्या काळातला, एका गावाचा. दप्तरखान्याच्या यादीत त्याची नोंद होती, 'सुधारणांबद्दल कृतज्ञतेचं पत्र', कारण 'नव्या सभेमुळे' या शब्दांपुढे 'आ' होता, मग किडीने खाल्लेलं भोक, मग 'भारी'. कुणीतरी ते भोक ओलांडून 'आभारी' वाचलं होतं.

"अगं, भोकात अक्षरं होती," काका म्हणाले. "आम्हांस भारी. बारा कोस चालून सभेला जायचं, आणि शेत कोण बघणार? त्यांना हे झेपत नव्हतं."

मी हसून म्हटलं, "काका, आमच्याकडे भारी म्हणजे मस्त."

ते हसले नाहीत. त्या गावाचं गाऱ्हाणं कुणीच ऐकलं नाही आणि वर त्याच्या नावावर आभार मांडले गेले, हे त्यांना सहन होत नव्हतं. डोळे जायच्या आत ती नोंद बदलायची, एवढंच त्यांनी मागितलं. दप्तरखान्याची माणसं फार सौजन्याची. दुसरा मोडी वाचक हवा, म्हणाली. मग समिती बसेल, म्हणाली. मी त्यांच्याकडून मुळाक्षरं गिरवायला घेतली, पण माझं वाचन कोण धरणार? दोन हिवाळे गेले. काका थकले, आणि त्यांच्याबरोबर मीही.

शेवटी उत्तर आलं. समितीने नोंद बदलली नव्हती. 'कृतज्ञतेचं पत्र' या शब्दांपुढे फक्त एक प्रश्नचिन्ह घातलं होतं. ते ऐकवायला मी हॉस्पिटलमध्ये गेले, तेव्हा काकांच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता आणि डोळ्यांनी आता काहीच दिसत नव्हतं. मी कानाशी वाकून सांगितलं. त्यांनी माझा हात चाचपडत धरला, काहीतरी बोलले. मास्कच्या फुसफुशीत पुढचं सगळं विरलं, शेवटचं तेवढं ऐकू आलं, "...भारी."

दुसऱ्या दिवशी काका गेले. ते माझे आभार मानत होते, की हे सारं त्यांना जड झालं होतं, की जन्मात पहिल्यांदा माझी थट्टा त्यांनी मला परत केली, मला माहीत नाही. काळ नेमकी मधलीच अक्षरं खातो, आणि त्या भोकात मला सोयीचा शब्द भरायचा मोह झाला की मीही तिथे प्रश्नचिन्हच ठेवते.