कोणाचा डबा नको?

माझ्या हातचं खाऊन तोंड वाकडं केलेला माणूस कुरुळीत कुणी दाखवला, तर मी त्याच्या घरी पाणी भरीन, असं मी चारचौघींत सांगायचे. आता सांगत नाही. का सांगत नाही, ते लिहिते. शाळा चौथीपर्यंत झाली आहे. वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं, नाही घेतलं तरी चालेल.

आमच्या घरामागच्या खोल्यांत कंपनीतले लोक भाड्याने राहतात. आठ वर्षांमागे त्यातल्या चौघांना मी डबा सुरू केला. ते चार बोलले, आणखी दहा आले. एका चुलीवर होईना, तेव्हा आळीतल्या बायांना हाताशी घेतलं. आज आम्ही सहाजणी आहोत. मी, चिमाबाई, आणखी तिघी आणि सगळ्यात नवी कस्तुरा. प्रत्येकीने आपापल्या घरी रांधायचं. जेवणारे नव्वदच्या वर.

धनेश म्हणून आमच्याच गावचा एकजण आहे, कंपनीत सुपरवायझर. त्याने फोनवर ग्रुप काढला, ‘कुरुळी डबा परिवार’. जेवणारेही त्यात, आम्ही रांधणाऱ्याही त्यात. सकाळी आम्ही भाजी सांगायची, रात्री ते आवडल्याचा अंगठा टाकायचे. मला टायपायला वेळ लागतो, म्हणून मी बोलूनच पाठवते. माझं बोलणं लोकांना आवडायचं. कुणी लिहिलं, भात कच्चा होता, तर मी म्हणायचे, “बाबा, तू नऊला येणार म्हणून साडेअकराला आलास. भात तुझी वाट बघून बघून वाळला.” मग हसणाऱ्या तोंडांची रांग लागायची. मी रात्री झोपताना ती रांग मोजायचे. खोटं कशाला सांगू?

दिवाळीनंतर धनेशने नवं काढलं. दर शनिवारी संध्याकाळी ग्रुपवर मतदान. प्रश्न एकच, ‘कोणाचा डबा नको?’ खाली आमची सहा नावं. रविवारी बारापर्यंत वेळ. लागोपाठ तीन रविवार जिचं नाव वर येईल, तिचे डबे बंद. बरोबरी झाली तर तो आठवडा सोडून द्यायचा.

“क्वालिटी राहते, अक्का,” धनेश म्हणाला.

मी म्हटलं, “घाल की मतदान. मला कशाचं भ्या?”

आता कस्तुराचं सांगते. ती बीडकडची. नवरा कोंडीराम इथे एका छोट्या वर्कशॉपात प्रेस मशीनवर होता, कंत्राटी. भाद्रपदात मशीनने त्याची उजव्या हाताची दोन बोटं नेली. तेव्हापासून तो घरी. त्यांची खोली आमच्यापासून चार दारं सोडून. ही बाई माझ्या दारात आली आणि म्हणाली, “अक्का, मला बी दोन डबे द्या की करायला. रांधायला येतंय मला.” मीच तिला घेतलं. माझ्या शब्दावर घेतलं, हे मी सगळ्यांना ऐकवायचेही.

तिला खरंच येत होतं, तेच पुढे नडलं. तिकडची येसरची आमटी ती करायची. धान्यं आणि मसाले भाजून दळलेलं ते पीठ फोडणीत पडलं की चार दारं पलीकडे मला ठसका लागायचा. नांदेड-परभणीकडची माणसं ग्रुपवर लिहायला लागली, ‘आईची आठवण आली’. एकाने तर दहा अंगठे ओळीने टाकले. महिन्याभरात तिचे डबे चौदा झाले. त्यातले चार माझ्याकडून गेले. माझ्या मागच्या खोलीतले, मी पहिल्यांदा ज्यांना वाढलं तेच चौघे. जाताना एकजण म्हणाला, “अक्का, राग नका धरू, जरा चवबदल.” मी म्हटलं, “राग कसला? पोट तुझं.” आणि त्या दिवशी माझ्या पिठल्यात गुठळ्या झाल्या.

पुढच्या आठवड्यात कुणीतरी कस्तुराच्या आमटीचा फोटो टाकला. वर बोटभर तेल तरंगत होतं. खाली लिहिलं, ‘आज जरा जास्तच’. एवढंच होतं. मी तांदूळ निवडत होते. सून स्वप्नालीने फोटो दाखवला, तशी मी फोन ओढला, बटण दाबलं आणि बोलले, “अगं कस्तुरा, कोंडीरामच्या मशीनला घालायचं तेल आमटीत ओतलंस की काय?”

बेचाळीस जण हसले. बेचाळीस. एवढे मला कधीच मिळाले नव्हते. मग ज्याला त्याला जोर आला. एकजण म्हणाला, पोटात ग्रीस झालं. एकजण म्हणाला, डबा नको, सर्व्हिसिंग करा. ज्याने दहा अंगठे दिले होते तोही त्यात होता.

स्वप्नाली हसली नव्हती. ती पॅकिंगला जाते, पहिली शिफ्ट. जेवता जेवता म्हणाली, “आई, त्याच मशीनमध्ये त्यांची बोटं गेलीत.”

घास माझ्या हातात राहिला. खरं सांगते, बोलताना ते माझ्या ध्यानातच नव्हतं. मशीन म्हटलं की तेल, एवढंच जिभेवर आलं.

“तोंडातून गेलं,” मी म्हटलं.

“पुसता येतं. सगळ्यांच्या फोनमधून जातं. मी पुसू?”

मी बेचाळीसकडे बघितलं. “ऱ्हाऊ दे. आता समद्यांनी ऐकलंय, पुसून काय व्हनार?”

ते माझं बोलणं पुसलं असतं, तर ते हसणंही गेलं असतं. मला ते नको होतं.

त्या रविवारी कस्तुराचं नाव वर आलं. पुढच्या रविवारी पुन्हा आलं. एकदा लोकांना बोट दाखवायची सवय लागली की ते तिकडेच दाखवतात. तेल तिने केव्हाच कमी केलं होतं. रोज सकाळी ग्रुपवर लिहायची, ‘आज तेल कमी टाकले आहे, काही चुकले तर सांगा’. त्याला कुणी अंगठाही देत नव्हतं.

तिसऱ्या शनिवारी संध्याकाळी मतदान आलं. मी फोन घेऊन आतल्या खोलीत गेले आणि दार लोटलं. आमच्या गावात मतदान शाळेत असतं. तिथे पुठ्ठ्याच्या आडोशाला उभं राहून बटण दाबायचं. बाहेर नवरा असो नाही तर सरपंच, कुणाला मत घातलं ते आपल्या पोटात राहतं. चाळीस वर्षं मी तसंच करत आले. तसाच पदर फोनवर धरला आणि कस्तुराच्या नावावर बोट ठेवलं. ते चार डबे परत माझ्याकडे येतील, एवढंच मनात होतं.

रविवारी सकाळी मात्र मला बसवेना. गेल्या वर्षीचं आंब्याचं लोणचं वाटीत काढलं. वाटी स्टीलची, तळाला ‘अंबुबाई’ असं माझं नाव घातलेली. ती घेऊन कस्तुराच्या खोलीवर गेले.

कोंडीराम भिंतीला टेकून डाव्या हाताने मटार सोलत होता. उजव्या हाताला पांढरं फडकं. त्याने मान हलवली. कस्तुरा कणीक मळत होती. तिचा फोन पिठाच्या डब्यावर उभा करून ठेवला होता, चालू होता.

“बसा की, अक्का,” ती म्हणाली.

मी वाटी पुढे केली. “लोनचं हाय. आणि घाबरू नको. माझं मत म्या चिमाबाईच्या नावावर टाकलंय. तुझ्यावर न्हाई.”

कोंडीरामचा हात थांबला. कस्तुराने एकदा फोनकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. तिने हात धुतले, पदराला पुसले आणि वाटी दोन्ही हातांनी घेतली.

“तुम्ही म्हणता तर तसंच आसंल, अक्का,” ती म्हणाली. “च्या टाकू?”

मी चहा घेतला. साखर जास्त होती. मला वाटलं, बाई माझ्या उपकाराने दबली.

घरी आले तर स्वप्नाली दारातच उभी. रविवारची तिला सुट्टी. हातात फोन.

“आई, तुम्ही कस्तुरावहिनींच्या विरोधात मत दिलंत?”

“तुला कसं कळलं?”

“सगळ्यांना कळतं. इथं दाबलं की नावं येतात, हे बघा.”

तिने दाबलं. कस्तुराच्या नावाखाली माणसांची यादी उघडली आणि तिसऱ्या ओळीत माझा फोटो, नथ घातलेला, नातीच्या बारशाचा. शेजारी वेळ. काल संध्याकाळी सहा वाजून चाळीस मिनिटं.

“ही यादी तिला पन दिसती?”

“कालपासून दिसतेय.”

म्हणजे मी समोर बसून सांगत होते तेव्हा पिठाच्या डब्यावर तीच उघडी असणार. कोंडीरामनेही बघितलेली असणार. आणि त्या बाईने मला चहा पाजला.

स्वप्नालीने आकडे सांगितले. कस्तुरा अठरा, चिमाबाई सतरा. “तुमचं एक काढलं तर बरोबरी होते. बरोबरी झाली की कुणी जात नाही. पुन्हा त्याच नावावर दाबलं की मत निघतं. साडेअकरा झालेत, अजून वेळ आहे.”

“तू काढ.”

“तुमचं मत आहे, तुम्हीच काढा.”

मी फोन घेतला. मत निघालं की तेही सगळ्यांना दिसणार. अंबुबाईने आधी टाकलं, मग काढलं. चिमाबाई आठवडाभर पाणवठ्यावर तेच चघळणार. धनेश हसून म्हणणार, अक्का, हात थरथरला वाटतं. मी फोन ओट्यावर पालथा ठेवला. म्हटलं, कुकरची शिट्टी होऊ दे. मग म्हटलं, फोडणी होऊ दे. रविवारची मटणाची फोडणी, ती सोडून कसं चालेल? कांदा लाल होईपर्यंत हलवत राहिले. स्वप्नाली दारात उभी राहून बघत होती.

फोन उलटा केला तेव्हा बारा वाजून नऊ मिनिटं झाली होती. मी दाबलं. माझा फोटो यादीतून गेला. सतरा आणि सतरा.

धनेशला फोन लावला. “बरोबरी झाली बघ, धनेश.”

“अक्का, बाराला मी फोटो काढून ठेवलाय. अठरा होते.”

“मत माझं व्हतं. मी काढलंय.”

“उशिरा काढलंत ना. आज तुमच्यासाठी सोडलं तर उद्या दुसरी म्हणेल, माझ्यासाठी पण सोडा. नियम तुम्हीच मान्य केला होता.”

व्हय. मीच म्हटलं होतं, घाल की मतदान.

मग मी ते केलं जे मला येतं. बटण दाबून बोलले. “ऐका समद्यांनी. कस्तुराची आमटी वाईट नव्हती. माझे चार डबे तिच्याकडं गेले ते माझ्या पोटात दुखलं. मशीनच्या तेलाचं बोलले ते बोलायला नको व्हतं. तिला खोटंही सांगून आले. माझी चूक हाय.” आयुष्यात मी कुणापुढे असं बोलले नव्हते, मालकांपुढेही नाही.

पाच मिनिटांत फोन टणटण वाजायला लागला. लाल बदामांची रांग लागली. ‘अक्का मनाने मोठ्या’. ‘असं बोलायला काळीज लागतं’. ‘अक्का तुमच्यासारख्या तुम्हीच’. मोजले नाहीत, पण स्वप्नाली म्हणाली, पन्नासच्या वर गेले. मशीनच्या तेलाला हसलेलेच सगळे. एकानेही लिहिलं नाही की कस्तुराचे डबे चालू ठेवा.

“तिनं ऐकलं का बघ,” मी स्वप्नालीला म्हटलं.

ती ग्रुपमधल्या नावांची यादी वर-खाली करत राहिली. मग म्हणाली, “कस्तुरावहिनी ग्रुपमध्ये नाहीत. बाराच्या आधीच बाहेर पडल्यात बहुतेक.”

पन्नास माणसांना मी मोठी दिसले. जिला सांगायचं होतं ती तिथे नव्हतीच.

संध्याकाळी ते चौघे माझ्या दारात आले. “अक्का, उद्यापासून परत तुमचाच डबा.” मी हो म्हटलं. नाही म्हणायला हवं होतं का, तेही मला कळत नाही. नाही म्हटलं असतं तर ते चिमाबाईकडे गेले असते.

मंगळवारी दुपारी मी कस्तुराकडे गेले. जे ग्रुपवर बोलले तेच तोंडावर बोलायचं ठरवून गेले. चार दारं, पण मधे दोनदा थांबले. खोलीबाहेर मोठी पातेली पालथी घातली होती. कोंडीराम कुठे दिसला नाही. कस्तुरा उंबऱ्यात बसून पातेल्याचा तळ घासत होती, राखेने, जोर लावून.

मला बघून ती उठली. माझं तोंड उघडायच्या आत म्हणाली, “वाटी न्यायला आलात व्हय, अक्का? मी येणारच होते द्यायला.”

मी तिच्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर राग असता, तर मला बोलता आलं असतं. रागाला उत्तर द्यायला मला येतं. ती नुसती वाट बघत होती, मी व्हय म्हणते की न्हाई त्याची.

“व्हय,” मी म्हटलं. “वाटीच न्यायला आले.”

“थांबा. रिकामी कशी देऊ?”

आत डबे उघडल्याचा आवाज आला. एक उघडला, बंद केला. दुसरा उघडला. बाहेर आली तेव्हा वाटी शीग लावून भरलेली होती. येसर. ताजं दळलेलं, अजून कोमट होतं.

“तुमच्या आमटीला घालून बघा,” ती म्हणाली. “तेल बेतानं टाका.”

ती हसली का, ते मी वर मान करून बघितलं नाही. वाटी पदराखाली घेतली आणि निघाले. चार दारं येईपर्यंत मला ठसका लागत होता.

ते येसर मी अजून वापरलेलं नाही. टाकूनही देववत नाही. फडताळात वरच्या फळीवर झाकून ठेवलं आहे. कस्तुरा आता कुणाच्या घरी भाकऱ्या थापायला जाते, असं स्वप्नाली म्हणाली. कुणाच्या ते मी विचारलं नाही. तिची वाटी असती, तर परत द्यायच्या निमित्ताने मला तिच्या दारात जाता आलं असतं. वाटी माझीच आहे. तळाला नावही माझंच आहे.