भुलाबाईच्या दिवसांतला वास

सुरतेतल्या नवागामच्या त्या एका खोलीत मालतीबाईंचं नाही असं काहीच नव्हतं. कुकर त्यांचा, पंखा त्यांचा, खिडकीतला वारा त्यांचा, आणि मुलगा हेमराज तर नवसाचा म्हणून दुप्पट त्यांचा. सून उज्ज्वला लग्नात मिक्सर घेऊन आली, तो आठवड्यात "मना मिक्सर", म्हणजे बाईंचा, झाला आणि त्यांच्या कपाटात जाऊन बसला. किल्ली कमरेला. बाई दुष्ट मुळीच नव्हत्या. धुळ्याकडून सुरतेत आल्या तेव्हा अंगावरच्या लुगड्याखेरीज काही नव्हतं, त्यामुळे समोर दिसेल ते धरून ठेवायची सवय जडली होती.

उज्ज्वलाच्या वाट्याला काय आलं, तर गोंदाचा वास. दिवसभर ती घरी बसून साड्यांवर चमकते खडे चिकटवायची. हात कितीही घासले तरी तो वास जाईना. केसांना गोंद, पोळीला गोंद. आपलं स्वतःचं असं काहीतरी असावं, निदान अंगाचा वास तरी, असं तिला फार वाटे.

अशात मोबाइलवर एक बाई भेटली. गळ्यात लोकरीचा मफलर, मागे पिवळी पानं झडतायत, आणि ती हिंदीत सांगत होती की शरद ऋतूत प्रत्येकीचा आपला खास गंध हवा, आणि तो एकावर एक थर देऊन बनवायचा. खाली दालचिनी, मध्ये व्हॅनिला, वर हिरवा गंध. सुरतेत त्या दिवसांत पानं गळत नाहीत, उकाड्यानं माणसं गळतात. पण उज्ज्वलाला पटलं. तिनं खोबरेलात दालचिनी उकळली, व्हॅनिलाचं अत्तर कुठून आणणार म्हणून केकमध्ये घालायचा इसेन्स घेतला, वरून खसाचं अत्तर ओतलं आणि सगळं एका बाटलीत भरलं. मनगटाला लावलं, मानेला लावलं. राणी झाल्यासारखं वाटलं.

"घरमा बेकरी टाकी का काय?" मालतीबाईंनी नाक धरलं. हेमराज कारखान्यातून आला, दारातच थबकला आणि आपण चुकून दुसऱ्याच्या घरात तर शिरलो नाही ना, हे बघायला दोन पावलं मागे गेला.

दिवस भुलाबाईचे होते. खानदेशातल्या मुली गावी खेळतात तशाच नवागामातही खेळतात. रोज संध्याकाळी एकेका घरी गाणी, आणि गाणी झाली की खिरापत ओळखायची. डबा झाकलेला, मुलींनी हलवून, हुंगून, "गोड की तिखट?" विचारून नाव सांगायचं. नाव सांगता आलं नाही तर घरधनीण जिंकली. समोरच्या जयश्रीची खिरापत भल्याभल्या पोरींना ओळखू येत नसे. मालतीबाईंची मात्र मुली उंबऱ्यातच ओळखत, कारण एका खोलीत तळलेलं लपणार कुठं? हा सल बाईंच्या मनात खोल होता.

त्या संध्याकाळी खिरापत त्यांच्याकडे होती. मेथीची तिखट शंकरपाळी. गाणी संपली, डबा मध्ये आला, आणि डब्याशेजारी ते अत्तर लावलेली उज्ज्वला बसली. मुलींनी नाकं फुगवली.

"केक छे!"

"नाही. नानखटाई!"

"बिर्याणी!" एकीला दालचिनी जाणवली.

"अगरबत्ती!" सगळ्यात धाकटीनं सांगितलं.

"हारी गया," शेवटी मुलींनी कबूल केलं. मालतीबाईंनी झाकण उघडलं आणि जयश्रीकडे असं पाहिलं की जयश्रीला उगाच पदर सारखा करावा लागला.

उज्ज्वलाला वाटलं, आता कौतुक होईल. झालं, पण बाटलीचं. मालतीबाईंनी ती उचलली. "मना कपाटमा ऱ्हाऊ दे. पोऱ्या सांडी देतीन." किल्ली फिरली. त्या दिवशी उज्ज्वलानं गोंदाची डबी इतक्या जोरात बंद केली की झाकणाला तडा गेला. मिक्सर गेला तेव्हाही तिला एवढं लागलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात खिरापतीची पाळी परत आली. बाईंनी आवडीनं मुगाचे लाडू केले, सुनेला मुद्दाम दाराशी बसवलं आणि बाटली स्वतःच्या अंगाला चोपडली. मनगट, मान, शिवाय दुखरे गुडघे. मुली बसल्या. त्यांनी हुंगलं. एकमेकींकडे बघितलं.

"आजी, तुम्हाला लागलंय का कुठं?" एकीनं काळजीनं विचारलं.

"मुगाचे लाडू!" दुसरीनं लगेच सांगून टाकलं.

बाईंचा चेहरा पडला. बाटली तीच, थर तेच. पण त्यांच्या अंगावर व्हॅनिला गुडघ्याच्या बामात बुडाला होता, दालचिनी दातांच्या मिश्रीत हरवली होती आणि खस कुठं गेला त्याचा पत्ताच नव्हता. उज्ज्वलाची मुलगी हर्षदा आजीच्या मनगटाशी नाक नेऊन म्हणाली, "मम्मीच्या वासात गोंद असतो ना, तो ह्यात नाहीये. म्हणून हा मम्मीसारखा येत नाही."

खोलीत हशा पिकला. उज्ज्वलानं तेवढं हसू आवरायला पाहिलं, तरी पदराआड ती हसतच होती. जो वास घालवायला तिनं हा सगळा खटाटोप केला, तोच सगळ्यात खालचा थर निघाला होता.

कोजागिरीच्या सकाळी जयश्री दारात उभी राहिली. शेवटची खिरापत तिच्याकडे होती आणि पूर्ण गल्ली जमणार होती, तेव्हा ती ओळखली जाण्याचा धोका तिला नको होता.

"मालतीकाकू, तुमची ती बाटली एक संध्याकाळ द्या ना."

उज्ज्वला खडे चिकटवत होती. तिनं मान वर केली नाही. आता सासूबाई एक तर नाही म्हणतील, नाही तर मोठेपणानं देऊन टाकतील. आपल्याला कोण विचारतंय?

मालतीबाई उठल्या. कपाट उघडलं, बाटली काढली आणि जयश्रीच्या हातात न देता उज्ज्वलाच्या मांडीवर ठेवली.

"शिशी लई जाईसन काही उपेग नई," त्या म्हणाल्या. "मी पाही लिधं. हाऊ वास उज्ज्वलाना शे. तिले बलाव."

वास उज्ज्वलाचा! लग्न होऊन आल्यापासून त्या घरातल्या कुठल्याही गोष्टीला तिचं नाव लागलेलं उज्ज्वलानं कधी ऐकलं नव्हतं. तिचे डोळे भरून आले, आणि हातातला खडा साडीवर बसायचा तो तिच्या अंगठ्यावरच चिकटला.

"येते ना," ती जयश्रीला म्हणाली. "पण आईंनाही बोलवा. त्यांना सोडून मी यायची नाही."