खुंटाभोवतीचे मासे

बायको बाळंतीण होती, म्हणून त्या दिवसांत होडीवर माझ्या मदतीला सासूबाई यायच्या. डोन्या मेलिदा त्यांचं नाव. कातातुंबो नदी सरोवराला मिळते तिथे पाण्यात रोवलेल्या खांबांवर आमचं घर, आणि शेजारीच त्यांचं. लेकीला माझ्यापेक्षा बरा नवरा मिळाला असता, हे त्या मला होडीतही ऐकवत.

त्या संध्याकाळी जाळं ओढायला घेतलं, तर पलीकडचं टोक पाण्यात रोवलेल्या एका खुंटाला अडकलेलं. मी सदरा काढला. पोहत जाऊन सोडवायचं, नेहमीचंच काम. दक्षिणेला ढग चमकत होते, पण ते आमच्याकडे रोजच चमकतात.

सासूबाईंनी माझा पट्टा मागून धरला.

"गप खाली बस, नेरियो."

"जाळं फाटेल."

"फाटू दे. जाळं मी विणून देईन. लेकीला दुसरा नवरा कुठून विणू?"

मी चिडलो, पण बसलो. त्यांनी मला होडीच्या तळाशी आडवं केलं, आणि वीज त्या खुंटावरच पडली. डोळ्यांपुढे नुसता पांढरा उजेड. कान बधिर झाले.

वादळ पुढे सरकल्यावर वल्हवत तिकडे गेलो. खुंट उभा चिरला होता. त्याच्याभोवती, आमच्या घराएवढ्या जागेत, बारीक मासे पोट वर करून तरंगत होते. बरेचसे मेलेले. काहींना नुसती भोवळ आली होती. कल्ले हलत होते, आणि बघता बघता त्यांतले दोन-चार सरळ होऊन बुडी मारून गेले. जाळं सोडवून वर ओढलं, तर खोल पाण्यातले बोकाचिको मासे जिवंत, होडीत थाडथाड उड्या मारायला लागले. वीज पाण्यावर वरच्यावर पसरून गेली होती, त्यांच्यापर्यंत पोचलीच नव्हती.

मी मात्र उतरलो असतो, तर वरच्याच पाण्यात पोहत असतो. त्या बारक्या माशांमध्ये.

वल्हं तसंच धरून मी त्या माशांकडे बघत बसलो. सासूबाईंनी वल्हं माझ्याकडून घेतलं आणि आम्हाला घरी आणलं.

त्या रात्री मी स्वतः मासे तळले. सगळ्यांत मोठा बोकाचिको, भाजलेल्या केळ्यासोबत, आधी त्यांच्या पानात वाढला. माझी तान्ही लेक माझ्या मांडीवर झोपली होती.

"तुम्ही होतात, म्हणून हिला बाप आहे," मी म्हणालो.

त्यांनी मान खाली घातली. माशाचे काटे काढत बसल्या.

"मीठ कमी पडलंय," त्या म्हणाल्या, आणि अजून एक मासा मागितला.